चांदपाशाचं ‘लागलं’

शिरूर अनंतपाळात कुणी बातमी घेऊन आला आणि ऐकणाऱ्याला तिच्यावर भरवसा ठेवावा का ठेवू नये असं झालं, की तो हमखास विचारतो, “हे चांदपाशाचं ‘लागलं’ हाय, का नुसतं बोलणं हाय?” नुसतं बोलणं म्हणजे कुणीतरी कुणाला सांगितलेलं. चांदपाशाचं ‘लागलं’ म्हणजे जागेवर जाऊन, हातात घेऊन, उन्हाला धरून बघितलेलं. एका कल्हईवाल्याच्या तोंडचा शब्द अख्ख्या गावाच्या तोंडात जाऊन बसला, ही काय लहानसहान गोष्ट झाली का? पण खुद्द चांदपाशाला कुणी असं म्हटलेलं कानावर आलं की तो मान खाली घालायचा आणि हातातलं काम उगाच पुन्हा पुसायचा.

माणूस अंगानं किरकोळ. डोक्यावर जाळीची टोपी, बोटांची टोकं काळी पडलेली. बस स्टँडवरून देवळाकडं जाताना डाव्या हाताला त्याचं पत्र्याचं दुकान. बापजादे निजामाच्या अमदानीपासून कल्हईवाले. पुढं पितळेची भांडी माळ्यावर गेली, घराघरांत स्टील आलं आणि भात्याचं काम संपलं. मग चांदपाशानं डाग द्यायचा धंदा धरला. फवारणी पंपाची नळी गळते, बंबाची तोटी निखळली, आणा चांदपाशाकडं. दिव्याच्या ज्योतीवर तोंडातल्या बारीक फुंकणीनं फुंकर धरायची, ज्योत सुईसारखी लांब करायची आणि ती तशीच स्थिर ठेवून धातू जोडायचा. त्याची ज्योत म्हणे हलत नसे. शेजारचा टेलर शिलाई सोडून बघत बसायचा आणि मग गिऱ्हाईक त्याच्या नावानं शिमगा करायचं.

जनावरांच्या डॉक्टरांनी, म्हणजे पंचाक्षरी स्वामींनी, त्याला हेरलं ते या ज्योतीमुळंच. आठ-नऊ वर्षं झाली असतील. डॉक्टर एक मोडका बाण घेऊन दुकानात आले. ज्या जनावराच्या जवळ जाता येत नाही, त्याला लांबूनच औषध टोचायचा बाण. दोन इंजेक्शनच्या नळ्या एकापुढं एक जोडलेल्या. पुढच्या नळीत औषध, मागच्या नळीत दाबून भरलेली हवा. सुईचं टोक डाग देऊन बुजवलेलं, बाजूला केसाएवढं भोक आणि त्या भोकावर चढवलेलं रबर. सुई कातड्यात घुसली की रबर मागं सरकतं, भोक उघडं पडतं आणि हवा दट्ट्या रेटून औषधाला आत ढकलते. पाच फुटी नळीत बाण घालायचा, तोंड लावायचं आणि फुंकायचं.

ऐकायला काय, सोपं आहे. चांदपाशानं आठ दिवसांत तसले डझनभर बाण करून दिले. रबरासाठी त्यानं सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक नळी कापली. शेपटाला लाल लोकरीचे गोंडे त्याच्या बायकोनं, शकिलानं बांधले, म्हणजे बाण सरळ जावा आणि पडला तर गवतात दिसावा. डॉक्टरांनी पहिला बाण मारला तो गोठ्याच्या दाराला. दुसरा मारला तो पाण्याच्या हौदात. तिसऱ्याला चांदपाशानं हळूच नळी मागून घेतली, आणि तेव्हापासून औषध डॉक्टरांचं आणि फुंकर चांदपाशाची, असं ठरूनच गेलं.

पण बाण बसणं आणि औषध जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला वीरण्णाच्या गायीनं शिकवलं. नुकती व्यालेली देवणी गाय, वासरामागचा जार आत अडकून ताप चढलेला, माणूस दिसला की शिंगं रोखायची. चांदपाशानं बारा पावलांवरून बाण मारला. मांडीवर लाल गोंडा डुलताना सगळ्यांनी बघितला. चांदपाशा म्हणाला, “लागलं,” आणि सगळे चहाला गेले. तिसऱ्या दिवशी गाय गेली. बाण गोठ्यातल्या कडब्यात सापडला, तेव्हा रबर जागचं हललेलं नव्हतं. उन्हानं ते सुईला चिकटून बसलं होतं आणि औषध भरलं होतं तसंच होतं. वीरण्णा एका शब्दानं बोलला नाही. त्यानं चांदपाशाला बसायला पोतं टाकलं आणि तांब्याभर पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते पाणी चांदपाशाला पुढं कितीतरी वर्षं गिळता आलं नाही.

त्या दिवसापासून त्याचा कायदा ठरला. बाण मारला की गप्प बसायचं. जनावर चालू द्यायचं, बाण आपोआप गळू द्यायचा. मग तो हुडकायचा, चिखलातून, काट्यातून, शेणातून, कुठूनही. रबर मागं सरकलंय का बघायचं. दट्ट्या पुढं टेकलाय का बघायचं. नळी उन्हाला धरायची. आणि मगच तोंडातून शब्द काढायचा. एकदा इस्लापूरकडून आलेल्या कुणा गुराख्याच्या गाईपायी तो दुपारपासून दिवेलागणीपर्यंत एक बाण हुडकत होता. लोक हसले. हसू द्या. त्या दिवशीही त्याचं ‘लागलं’ खरं निघालं होतं.

आता एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपासून त्याची ज्योत हलायला लागली होती. कल्हई करताना तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, तो धूर पोरवयापासून त्याच्या छातीत साठत आला होता. सकाळी उठलं की छातीत शीळ वाजायची. देवळाचा चढ चढताना तो मधेच थांबायचा आणि कुणी बघतंय वाटलं की चप्पल नीट करायचा. गावाला कळलं नाही. शकिलाला कळलं होतं. चाळीस वर्षं एका छताखाली राहिलेल्या बाईपासून काय लपतंय! ती गोंडे बांधता बांधता ज्योतीकडं बघायची. घरात गॅस आला तरी भाकरी ती चुलीवरच करायची, आणि तिच्या लोखंडी फुंकणीच्या एका फुंकरीसरशी ओली तुराटीसुद्धा पेटायची. चांदपाशाला पूर्वी याचं काही वाटायचं नाही. हल्ली तो दारात उभा राहून ती फुंकर ऐकत बसायचा.

आणि अशात शेषेरावाचा पोळ आजारी पडला.

शेषेराव म्हणजे चांदपाशाचा दोस्त. शेतातून येताना रोज दुकानात टेकायचा, चहा प्यायचा, भांड्यात स्वतःचं तोंड बघून मिशा पिळायचा. चार वर्षांपूर्वी तो वारला. तेराव्या दिवशी त्याच्या नावानं एक गोऱ्हा सोडला. पांढरं अंग, त्यावर काळे ठिपके, देवणीतला शेवरा. मांडीवर त्रिशूळ उमटवला आणि गळ्यातलं दावं कापलं. असा सोडलेला पोळ कुणाचाच नसतो. त्याला बांधायचं नाही, हाकलायचं नाही, माझा म्हणायचं नाही. कुणाच्या रानात तोंड घातलं तर हात जोडायचे आणि गप्प बसायचं.

हा पोळ मात्र रोज सकाळी चतुराबाईच्या दारात यायचा. चतुराबाई ही शेषेरावाची बायको. ती ओट्यावर भाकरी ठेवायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, “आलात व्हय?” पोळाला अहो-जाहो! पोरीबाळी तोंडाला हात लावून हसायच्या. हसून हसून त्यांचं हसू संपलं, तिची भाकरी संपली नाही. तिनं त्याच्या पाठीवर चार वर्षांत एकदाही हात फिरवला नव्हता. सोडलं म्हणजे सोडलं. तो भाकरी खायचा, शेपटी मारत उभा राहायचा आणि घरणी नदीच्या अंगानं निघून जायचा.

पौषात एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी ज्ञानोबा सांगत आला, पोळ माझ्या तुरीत उभा हाय, कुणाशी झुंजला कुणास ठाऊक, शिंग मुळातनं हललंय आणि त्यात किडे पडलेत. मान वाकडी धरून तो शिंग बांधावरच्या दगडाला घासत होता. जवळ गेलं की अंगावर येत होता. पाच दिवस चतुराबाई नुसत्या चहावर होती.

डॉक्टर आले, लांबूनच बघितलं आणि म्हणाले, किडे मेंदूकडं सरकले तर चार-सहा दिवसांचा खेळ आहे. दोर लावू, पाडू, जखम साफ करू, हेच खरं औषध. माणसं दोर घेऊन तयारच होती. चतुराबाई बांधावर बसलेली होती, ती उठली.

“दावं न्हाई टाकायचं,” ती म्हणाली. “लातूरच्या दवाखान्यात अकरा दिवस त्यांचे हात खाटेला बांधून ठेवले होते. नळ्या उपसतात म्हणून. बोलता येत न्हवतं, डोळ्यानं मला सांगायचे, सोड म्हणून. मी न्हाई सोडलं. आता ज्याला सोडलंय त्याला तरी बांधू नका.”

माणसांनी दोर खाली ठेवले. डॉक्टरांनी हिशेब घातला. हात न लावता द्यायचं एकच औषध आहे, कातड्याखाली गेलं की किडे आतल्या आत मरून गळतात. पण एवढ्या धुडाला ते दोन बाण भरून लागेल. एकानं भागणार नाही. निम्मं औषध गेलं तर निम्मे किडे जगतात आणि आणखी आत शिरतात. दोन्ही बाण भरून त्यांनी चांदपाशाच्या हातात दिले. त्यांना लातूरच्या बैठकीला जायचं होतं. ते गाडीत बसता बसता म्हणाले, चाचा, तुम्ही आहात म्हणून जातोय, ‘लागलं’ एवढा फोन करा.

धुकं अजून उतरलेलं नव्हतं. तुरीची पिवळी फुलं गळून शेंगा धरल्या होत्या, आणि त्या डोक्याएवढ्या उंच तुरीत पोळ असा उभा होता की ठिपके तेवढे दिसावेत आणि पांढरं अंग धुक्यात मिसळून जावं. चांदपाशा वाऱ्याच्या उलट अंगानं गेला. पहिला बाण त्यानं बारा पावलांवरून मारला. थप्प आवाज आला, पोळानं कातडं थरथरवलं, चार पावलं टाकली आणि बाण गळून पडला. चांदपाशानं उचलून बघितला. रबर मागं, दट्ट्या पुढं, नळी रिकामी.

दुसऱ्या बाणाला त्याच्याजवळ दम नव्हता. त्यानं खरं तर थांबायला पाहिजे होतं. बसायचं, श्वास भरू द्यायचा, घटकाभर जाऊ द्यायची. पण बांधावर पंधरा माणसं उभी, चतुराबाई उभी, आणि पोळ निघाला होता. त्यानं नळी तोंडाला लावली. छातीत शीळ वाजली. फुंकर निघाली ती अर्धीच निघाली. बाण गेला, मागच्या पुठ्ठ्यावर लाल गोंडा क्षणभर दिसला आणि पोळ तुरीत दिसेनासा झाला. चांदपाशाच्या डोळ्यांपुढं पिवळं पिवळं आलं. आता कुठंतरी टेकायला मिळावं, एवढंच त्याला कळत होतं.

“लागलं का, चांदभाई?” चतुराबाईनं विचारलं.

“लागलं,” तो म्हणाला.

निघून गेलं तोंडातून. बाण न बघता, उन्हाला न धरता. तिनं पोळ गेला त्या दिशेला हात जोडले आणि म्हणाली, आता खाते दोन घास. माणसं आपापल्या वाटेनं पांगली. कुणीतरी चांदपाशाच्या पाठीवर थाप मारली. त्यानं डॉक्टरांना मात्र फोन केला नाही. हात खिशाकडं जायचा आणि परत यायचा.

दुकानात येऊन तो बसला. कुणी पंप आणून ठेवला, त्याकडं त्यानं बघितलं नाही. आपण त्या माउलीला भाकरी खायला लावली, हे त्याच्या मनात घोळत होतं. पाच दिवसांची उपाशी बाई आपल्या एका शब्दावर जेवली. वीरण्णाचं पाणी घशात पुन्हा वर आलं. दुपारच्या नमाजाला त्यानं मशिदीत हात बांधले, आणि सुरा म्हणता म्हणता त्याला तुरीच्या शेंगाच दिसायला लागल्या. तो तिथूनच शेताकडं निघाला.

उंच तुरीत शिरलं की बाहेरचं जग संपतं. वर आभाळाची चिंधी, खाली वाळलेला पाला, मधे नुसती शेंगांची खुळखुळ. चांदपाशा सरी सरीनं वाकून चालत होता. पोळाच्या खुरांच्या खुणा धरायच्या, दोन्ही अंगांना बघायचं, पुढं सरकायचं. थकला की बसायचा. बसला की डोळा लागल्यासारखं व्हायचं. एकदा त्याला वाटलं, पलीकडच्या सरीत शेषेराव चालतोय. तीच पावलं, तेच मधेच खाकरणं. काय रे चांद, काय हरवलं, असं तो विचारतोय आणि चांदपाशा सांगतोय, काही न्हाई रे, एक गोंडा हुडकायलोय. त्यानं तुरी बाजूला करून बघितलं. पोळ होता. वाकडी मान करून उभा होता आणि एका डोळ्यानं याच्याकडं बघत होता. अंगावर आला नाही, पळाला नाही. दोघंही एकमेकांच्या धापा ऐकत उभे राहिले. शिंगाच्या मुळातून रक्ताची ओली रेघ गालावर उतरली होती. चांदपाशाला त्या घटकेला भीती म्हणून वाटली नाही. फक्त लई वाईट वाटलं.

पोळ वळून गेला, आणि जिथं तो उभा होता तिथून चार हातांवर लाल गोंडा पडलेला होता.

चांदपाशानं बाण उचलला. बघायची गरजच नव्हती, हाताला वजन कळलं. तरी त्यानं बघितलं. कायदा म्हणजे कायदा. सुई टोकाला तेवढी रक्तानं माखलेली, रबर जागच्या जागी. त्यानं नळी उन्हाला धरली. कलत्या उन्हात औषध मधासारखं चमकत होतं, एक थेंबसुद्धा गेलेला नव्हता.

तो तडक चतुराबाईच्या घरी गेला. ती ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. पोटात अन्न गेल्यामुळं तिच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली होती, आणि तीच त्याला जास्त लागली. त्यानं बाण तिच्यापुढं ठेवला.

“वहिनी, न्हाई लागलं. मी न बघता बोललो.”

तिनं बाणाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. “तुरीत कुणी बघितलं तुमाला?”

“न्हाई.”

“मग सांगायला कशापायी आलाव?”

“वीरण्णाकडं आपल्या पायानं सांगायला गेलो नव्हतो,” तो म्हणाला, आणि मग जे दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं तेही बोलून गेला, “माझा दम संपलाय, वहिनी.”

चतुराबाई बराच वेळ शेंगा सोलत राहिली. चांदपाशाला वाटलं, आता ही तांब्याभर पाणी आणून देते का काय. तिनं पाणी आणलं नाही. ती म्हणाली, “त्यांचा दम संपत होता तवा डॉक्टर रोज मला सांगायचे, बरं हाय, बरं हाय. खरं कुणी सांगितलं न्हाई. तुमी सांगितलंत. उद्या सकाळी या. भाकरी मी आता उद्याच खाईन.”

घरी आल्यावर त्यानं बाण शकिलापुढं ठेवला. फोनवर डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी औषधाचा हिशेब पुन्हा घातला. मग म्हणाले, सकाळी येतो, नवीन बाण भरतो, पण चाचा, फुंकणार कोण? शकिला तव्यावरची भाकरी उलटत होती. घरात ते दोघं दखनीतच बोलायचे. तिनं फुंकणी खाली ठेवली, हात झटकले आणि वर न बघताच म्हणाली, “मेरे में दम है अजून.”

चांदपाशा हसला. चाळीस वर्षांत या बाईनं बाजारात मोठ्यानं भावसुद्धा केला नव्हता. मग त्याला तिची ती फुंकर आठवली आणि त्याचं हसू थांबलं. लगेच अंगणात पोतं टांगलं. तिचा पहिला बाण शेजारच्यांच्या वाळवणात गेला. सांडग्यात घुसलेला बाण परत आणायला चांदपाशालाच जावं लागलं आणि शेजारणीची चार वाक्यं ऐकून घ्यावी लागली. जोर भरपूर होता, नेम नव्हता. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तो गुडघ्यावर पुढं बसला, नळी स्वतःच्या खांद्यावर घेतली, एक डोळा मिटून तिच्या कडेनं नेम धरला. मागच्या टोकाला शकिला. त्यानं बोट वर केलं की तिनं फुंकायचं. अंधार पडेपर्यंत पोत्याला चार भोकं पडली, चारही वीतभर अंतरात.

सकाळी पुन्हा तेच धुकं. डॉक्टरांनी बाण भरला आणि हे जोडपं नळी घेऊन तुरीत शिरलं तेव्हा डॉक्टर बांधावर दोन्ही हात छातीशी धरून उभे राहिले. या वेळी माणसं जमवलेली नव्हती. फक्त चतुराबाई होती, पदरात भाकरी बांधून.

पोळ बांधाच्या कडेला होता. रात्रीत आणखी थकला होता, मान जवळजवळ जमिनीला टेकली होती. चांदपाशा ओल्या मातीत गुडघे टेकून बसला. खांद्यावर नळीचा थंडावा, मागं शकिलाचा श्वास. तो तिच्या श्वासावर कान ठेवून राहिला. सावकाश, भरलेला, शीळ नसलेला श्वास. आपली छाती पुन्हा तरुण झाल्यासारखं त्याला वाटलं. पोळानं पुठ्ठा वळवला. चांदपाशानं नळी केसभर उजवीकडं नेली आणि बोट वर केलं.

थप्प.

पोळ दचकून दोन ढांगा पुढं गेला. गोंडा पुठ्ठ्यावर डुलत राहिला, आणि तसाच घेऊन तो तुरीत शिरला. चतुराबाईनं विचारलं नाही. चांदपाशा आणि शकिला एकामागं एक सरीत शिरले. दव अंगावर पडत होतं, शकिलाचा बुरखा भिजून जड झाला होता. तिनंच आधी बघितला. आपल्या हातानं बांधलेला गोंडा, तो तिला नाही दिसणार तर कुणाला? दोन ढेकळांच्या मधे पडला होता.

चांदपाशानं हात पुढं केला, पण तिनं बाण दिला नाही. चाळीस वर्षं तिनं त्याचे कायदे बघितले होते. तिनं रबरावर नखाचं टोक लावून बघितलं. रबर मागं सरकलेलं. दट्ट्या पुढं टेकलेला. मग तिनं नळी वर धरली. धुक्यातून तेव्हाच कुठं ऊन फुटत होतं. नळीच्या आरपार आभाळ दिसलं.

ते दोघं बांधावर आले. चतुराबाई चांदपाशाकडं बघत होती. श्वास होता, शब्द ओठावर होता, पण तो आपला नाही असं त्याला वाटलं आणि तो बाजूला झाला. शकिलानं रिकामा बाण चतुराबाईच्या हातात ठेवला आणि बांधाच्या टोकाला उभ्या असलेल्या डॉक्टरांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, “लागलं.”

तिसऱ्या दिवसापासून किडे गळायला लागले, डॉक्टरांनी लांबूनच फवारा मारून जखम धुतली, शिंग गेलं पण पोळ राहिला, हे सगळं पुढचं. त्या सकाळी चतुराबाईनं पदरातली भाकरी सोडली. तिचे दोन तुकडे केले. एक बांधावरच्या दगडावर ठेवला, पोळ ज्या दगडाला शिंग घासत होता त्याच दगडावर. दुसरा घेऊन ती तिथंच खाली बसली, आणि शकिलालाही बसवून घेऊन खायला लागली.